कुमारी कॉर्नेलिया सोराबजी यांचें अल्पचरित्र

परीक्षांचे निकाल लागले कीं शाळेच्या कचेरींत प्रतिवर्षीं एकच देखावा आमच्या दृष्टीस पडतो. गुणपत्रक, दाखला व प्रवेशअर्ज हातीं घेऊन विद्यार्थी रांगेनें उभे असतात, आणि त्यांच्यामागें त्यांचे आईबाप चिंतातुर मुद्रेनें तिष्ठत असतात. अलीकडे या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं कायद्याच्या विद्यालयांत जाऊं इच्छितात. नामांकित विद्यालयांत जागा थोड्या व इच्छुक फार. त्यामुळें चुरशीची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि यादींत नांव न दिसल्यास घरांत सुतक आल्यासारखी उदासी पसरते. अशाच एका मुलीच्या मातोश्रींनीं गेल्या वर्षीं आम्हांस विचारलें कीं, वकिलीसाठीं मुलीनें एवढा खटाटोप करावा तरी कशाकरितां. त्या दिवशीं कचेरींत गर्दी होती, आणि आम्हांस पुरतें उत्तर देतां आलें नाहीं. तें उत्तर या वार्षिकांत एका चरित्राच्या रूपानें देण्याचें आम्ही योजिलें आहे.

हें चरित्र नाशिकास जन्मलेल्या व पुण्यांत शिकलेल्या एका स्त्रीचें आहे. कायदा शिकण्यासाठीं तिनें ज्या विद्यापीठाकडे प्रवेश मागितला, तेथें तोंवर एकाही स्त्रीनें कायद्याचा अभ्यास केलेला नव्हता. तेथील शेवटची परीक्षा ती उतरली. परंतु त्या परीक्षेची पदवी हातीं पडण्यास तिला तीस वर्षें वाट पाहावी लागली.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म ता. १५ नोव्हेंबर १८६६ रोजीं झाला. त्यांचे वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे जन्मानें पारशी होते. तरुणपणीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आप्तेष्टांचा रोष सोसला, आणि पुढें मिशनरी म्हणून आयुष्य घालविलें. मातोश्री फ्रान्सिना या एका इंग्रज दांपत्याच्या घरीं मुलीप्रमाणें वाढल्या होत्या. त्या दांपत्यापैकीं लेडी कॉर्नेलिया फोर्ड यांच्या नांवावरूनच आमच्या चरित्रनायिकेचें नांव ठेवण्यांत आलें. बाईंचें बालपण बेळगांव व पुणें येथें गेलें. पुण्यास मातोश्रींनीं व्हिक्टोरिया हायस्कूल नांवाची शाळा काढली होती, आणि तींत निरनिराळ्या धर्मांचीं व समाजांचीं मुलें एकत्र शिकत. घरांत मुलींची संख्या मोठी. पण मुली झाल्या म्हणून त्या घरांत कोणी कधीं खंत केली नाहीं. कॉर्नेलियाबाईंची एक बहीण सुझी हिनें पुढें पुण्यांत सेंट हेलेना ही मुलींची शाळा स्थापिली, व दुसरी बहीण अॅलिस ही डॉक्टर झाली.

बाईंनीं आपल्या आत्मवृत्तांत बालपणची एक हकीकत सांगितली आहे. एके दिवशीं एक धनवान विधवा त्यांच्या मातोश्रींकडे रडत आली. ती पडद्यांत राहणारी असल्यामुळें तिचा सर्व व्यवहार एका कारभाऱ्याच्या हातीं होता, आणि त्या कारभाऱ्यानें कागदपत्रांवर तिची सही घेऊन तिची मालमत्ता गिळंकृत केली होती. कागदांत काय लिहिलें आहे हें तिला ठाऊक नव्हतें. आणि ठाऊक असतें तरी ती दाद कोणाकडे मागणार? वकील सारे पुरुष, आणि परपुरुषासमोर येण्याची तिला बंदी. ती बाई निघून गेल्यावर मातोश्रींनीं जवळच असलेल्या लहानग्या कॉर्नेलियेस समजाविलें कीं, अशा स्त्रियांच्या उपयोगीं पडावयाचें असेल तर मोठेपणीं कायदा शिकावा. मुलें अशा गोष्टी ऐकतात आणि चार दिवसांत विसरून जातात. ही मुलगी विसरली नाहीं.

सोळाव्या वर्षीं मॅट्रिक्युलेशनची परीक्षा उतरून कॉर्नेलियाबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत दाखल झाल्या. तेथें शिकणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. सर्व विद्यार्थी तरुण पुरुष, आणि त्यांपैकीं कित्येकांना ही नवी विद्यार्थिनी मुळींच रुचली नाहीं. बाई वर्गाकडे येतांना दिसल्या कीं त्यांच्या तोंडावर दार लोटून देण्यापर्यंत कांहींची मजल गेली. बाईंनीं तक्रारींत वेळ दवडला नाहीं. दार उघडून त्या आपल्या जागीं जाऊन बसत व अभ्यास करीत. सन १८८७-८८ च्या सुमारास त्या पहिल्या वर्गांत बी. ए. झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर होत.

त्या यशाबरोबर विलायतेंत जाऊन शिकण्यासाठीं सरकारी शिष्यवृत्ति मिळावयाची होती. परंतु त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणावरून ती नाकारण्यांत आली. गुणांत कमतरता नव्हती, वर्तनांत दोष नव्हता. केवळ स्त्रीचा जन्म आड आला. आमचे विद्यार्थी एखाददुसऱ्या गुणानें प्रवेश हुकला म्हणून दिवसचे दिवस अन्न गोड लागूं देत नाहींत. त्यांनीं या प्रसंगाचा विचार करावा. येथें गुण पुरेसे होते आणि तरीही शिष्यवृत्ति हुकली होती.

बाई स्वस्थ बसल्या नाहींत. प्रथम त्यांनीं अहमदाबादच्या गुजरात कॉलेजांत इंग्रजी शिकविण्याची नोकरी पत्करली. पुरुष विद्यार्थ्यांच्या वर्गास एक तरुण स्त्री शिकविते, हेंही त्या काळीं नवलच होतें. दुसरीकडे, हिंदुस्थानांतील शिक्षणास साह्य करणारी नॅशनल इंडियन असोसिएशन नांवाची संस्था विलायतेंत होती, तिच्याकडे त्यांनीं मदतीसाठीं लिहिलें. त्यांच्यावर झालेला अन्याय लेडी हॉबहाउस यांनीं लंडनच्या टाइम्स पत्रांतून लोकांपुढें मांडला. मग मिस मॅनिंग, सर विल्यम वेडरबर्न, मिस फ्लॉरेन्स नाइटिंगेल इत्यादि मंडळींच्या साह्यानें वर्गणीचा निधि उभा राहिला. सरकारनें जें नाकारलें तें अशा रीतीनें लोकांच्या वर्गणींतून मिळालें, आणि सन १८८९ मध्यें कॉर्नेलियाबाई विलायतेस पोंचल्या.

ऑक्सफर्ड येथें स्त्रियांसाठीं सन १८७९ मध्यें निघालेलें सॉमरव्हिल नांवाचें विद्यार्थिनीगृह होतें. त्यांत त्यांस जागा मिळाली. पण एवढ्यानें कायद्याचें दार उघडलें असें मात्र नव्हे. त्या काळीं ऑक्सफर्ड विद्यापीठ स्त्रियांना कांहीं परीक्षांस बसूं देई, पदवी मात्र देत नसे. आणि कायद्याचा अभ्यास कोणा स्त्रीनें केल्याचा दाखलाच नव्हता. बाईंनीं साहित्याचा अभ्यास करावा असें हितचिंतकांस प्रथम वाटलें. त्यांची अडचण आम्हांस कळते. हिंदुस्थानांत स्त्रीडॉक्टर हव्यात हें तोंवर लोकांस पटलें होतें. सन १८८६ मध्यें आनंदीबाई जोशी अमेरिकेंत डॉक्टर झाल्या होत्या, आणि त्याच्या आदल्या वर्षींच लेडी डफरिन यांचा फंड स्त्रियांस वैद्यकीय साह्य मिळावें म्हणून निघाला होता. स्त्रीशिक्षिका हव्यात हेंही सर्वमान्य होतें. परंतु स्त्री वकील हवी कशाला?

या प्रश्नाचें उत्तर बाईंजवळ लहानपणापासून तयार होतें. जो पडदा पुरुष डॉक्टरास रोगिणीपर्यंत पोंचूं देत नाहीं, तोच पडदा पुरुष वकिलास पक्षकार स्त्रीपर्यंत पोंचूं देत नाहीं. रोगानें शरीर जातें तसें कागदांच्या लबाडीनें घरदार जातें. मग एकीकडे स्त्रीडॉक्टर पाठवावी आणि दुसरीकडे स्त्रीवकील पाठवूं नये, हें कोणत्या न्यायानें? आमच्या मतें बाईंचा खरा प्रवेशअर्ज तो हाच. नांव, वय व गुण यांचे रकाने सर्वच अर्जदार भरतात; पण शिक्षण कोणासाठीं पाहिजे हा रकाना छापील अर्जावर नसतो, तो मनांतल्या मनांत भरावा लागतो. बाईंचा तो रकाना पक्क्या शाईनें भरलेला होता.

बॅलिअल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट हे त्या काळचे ऑक्सफर्डमधील वजनदार गृहस्थ. त्यांनीं बाईंस पाठिंबा दिला, मोठमोठ्यांशीं ओळखी करून दिल्या, आणि बाईंचा कायद्याचा अभ्यास सुरू झाला. ग्रंथांचीही अडचण होतीच. ऑल सोल्स कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयांत कायद्याचे उत्तम ग्रंथ होते. तेथें वाचनासाठीं स्त्रीला कधीं घेतलें गेलें नव्हतें. त्या कॉलेजचे प्रमुख सर विल्यम अॅन्सन हे स्वतः कायद्याचे नामांकित पंडित. त्यांनीं बाईंस ग्रंथालयांत बसून वाचण्याची परवानगी दिली, आणि तेथील पहिली स्त्रीवाचक होण्याचा मान त्यांस मिळाला.

त्यांनीं पत्करलेली परीक्षा बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ या पदवीची होती. नांव बॅचलरचें असलें तरी पदवीधर झाल्यानंतर द्यावयाची ही कठीण परीक्षा असे. रोमन कायदा, विधिशास्त्र, इंग्लंडचा कायदा असे जाडे विषय. पुरुष विद्यार्थीही तिला बिचकत. सन १८९२ मध्यें परीक्षेची वेळ आली तेव्हां नवाच वाद उत्पन्न झाला. स्त्रीस या परीक्षेस बसूं द्यावें काय, आणि बसूं दिल्यास इतरांबरोबर बसवावें कीं सॉमरव्हिलमध्यें एकटीस बसवावें? एकटीनें बसून उत्तीर्ण झाल्यास त्या यशाची किंमत लोक कमी लेखतील हें बाईंस स्पष्ट दिसत होतें. इतर परीक्षार्थींबरोबर, त्याच जागीं, त्याच अटींवर बसावयाचें, असा त्यांनीं आग्रह धरला. शेवटीं विद्यापीठाच्या सभेनें खास ठराव केला, आणि ती परीक्षा देणारी पहिली स्त्री म्हणून कॉर्नेलियाबाईंचें नांव इतिहासांत नोंदलें गेलें.

त्यांस तिसरा वर्ग मिळाला. ही गोष्ट आम्ही मुद्दाम लिहीत आहों. कारण थोर माणसांचीं चरित्रें लिहितांना असले तपशील गाळण्याची रूढि आहे, आणि तिच्यामुळें मुलांचा असा समज होतो कीं, थोरांस नेहमीं पहिलाच वर्ग मिळतो. पुण्यास पहिला वर्ग मिळविणाऱ्या बाईंस या निकालानें दुःख झालें नसेल काय? परंतु त्या वर्गाची चौकशी आज कोणी करीत नाहीं. त्या परीक्षेस बसल्या हीच गोष्ट लोकांच्या स्मरणांत राहिली. पदवी मात्र मिळाली नाहीं, कारण स्त्रियांस पदवी देण्याचा नियमच नव्हता.

लंडनमध्यें सॉलिसिटरांच्या एका कचेरींत कांहीं काळ अनुभव घेऊन बाई स्वदेशीं परतल्या. येथें तरी मार्ग मोकळा असेल असें वाचकांस वाटेल. तसें झालें नाहीं. सन १८९६ मध्यें त्यांनीं ब्रिटिश न्यायालयांत एका खुनाच्या खटल्यांत आरोपीच्या बाजूनें भाषण केलें, आणि असें करणारी ती पहिली स्त्री असें मानलें जातें. पण हें त्या खटल्यापुरतेंच. नियमित वकील म्हणून त्यांचें नांव कोठें नोंदवून घेईनात. विलायतेचें शिक्षण पुरेसें नाहीं म्हणावें, तर त्यांनीं मुंबई विद्यापीठाची एल्‌एल्. बी.ची परीक्षा सन १८९७ मध्यें दिली. त्यानंतर सन १८९९ मध्यें अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही दिली. तरीही सनद मिळाली नाहीं. एक परीक्षा उतरावी आणि दार बंदच दिसावें, असा हा क्रम चालू होता.

या काळांत काठेवाडांतील संस्थानी न्यायालयांत खास परवानगीनें त्या काम चालवीत. तेथील एक गंमतीचा खटला त्यांनीं सांगितला आहे. एका संस्थानांत त्यांस एका हत्तीच्या हक्कासाठीं उभें राहावें लागलें. न्यायाधीश खुद्द राजेसाहेब. राजेसाहेबांच्या लाडक्या कुत्र्यास बाई पसंत पडल्या, आणि तेवढ्यावरून निकाल त्यांच्या बाजूनें लागला! हत्तीचें कल्याण झालें. पण बाईंस हंसूंही आलें आणि विषादही वाटला. मर्जीनें मिळणारा विजय आणि कायद्यानें मिळणारा न्याय यांतील अंतर त्यांनीं त्या दिवशीं नीट जाणलें.

सन १९०२ पासून त्यांनीं सरकारकडे अर्ज करण्यास आरंभ केला. त्यांचें मागणें असें कीं, पडद्यांतील स्त्रिया व अज्ञान मुलें यांच्या वतीनें काम पाहण्यासाठीं एक स्त्री कायदेसल्लागार नेमावी. सन १९०४ मध्यें बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्स खात्यांत त्यांची नेमणूक झाली. हें खातें अज्ञान वारसांच्या व स्त्रियांच्या जमीनदाऱ्यांचा कारभार पाही. बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम एवढा विस्तीर्ण मुलूख त्यांच्याकडे होता. दूरदूरच्या वाड्यांत जावें, अंतःपुरांत जमिनीवर बसून विधवा राणीची हकीकत तिच्याच तोंडून ऐकावी, कागद वाचून त्यांतील अर्थ तिला समजावून द्यावा, पोटगी ठरवावी, वारसाच्या जिवास अपाय होऊं नये म्हणून व्यवस्था करावी, मुलामुलींच्या शिक्षणाची सोय लावावी, असें त्यांच्या कामाचें स्वरूप होतें. सुमारें वीस वर्षांत सहाशेंच्या आसपास स्त्रिया व अनाथ मुलें यांस त्यांचें साह्य मिळालें असें सांगतात. सरकारनें सन १९०९ मध्यें त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलें. परंतु आम्हांस वाटतें कीं, ज्या दिवशीं पहिल्या विधवेचा कागद त्यांनीं तिला वाचून दाखविला, त्याच दिवशीं बालपणीं पाहिलेल्या त्या रडणाऱ्या बाईचें ऋण फिटूं लागलें.

इकडे काळ बदलत होता. सन १९१९ मध्यें विलायतेंत कायदा होऊन स्त्रियांस वकिलीचा धंदा मोकळा झाला. ऑक्सफर्डनें सन १९२० मध्यें स्त्रियांस पदव्या देण्याचें मान्य केलें. अलाहाबाद हायकोर्टानें सन १९२१ मध्यें बाईंचें नांव वकिलांच्या यादींत घेतलें. सन १९२२ मध्यें त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ सालीं मिळविलेली पदवी त्यांनीं वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं स्वीकारली. पुढच्याच वर्षीं लिंकन्स इन या संस्थेंतून त्या बॅरिस्टर झाल्या. त्याच वर्षीं त्याच संस्थेंतून मुंबईच्या कुमारी मिठन टाटा याही बॅरिस्टर झाल्या. म्हणजे ज्या दारापाशीं एक स्त्री तीस वर्षें उभी होती, त्या दारांतून पुढच्या पिढीची तरुणी तिच्याबरोबरच आंत गेली. सन १९२३ मध्यें हिंदुस्थानांतही स्त्रियांच्या वकिलीस कायद्यानें मोकळीक मिळाली, व सन १९२४ मध्यें बाई कलकत्ता हायकोर्टांत काम करूं लागल्या.

तेथेंही सर्व सुख नव्हतें. सनद मिळाली तरी पूर्वग्रह शिल्लक होता. न्यायालयांत उभें राहून भाषण करण्याचे प्रसंग त्यांस थोडे आले. बहुधा लेखी मत तयार करण्याचेंच काम वांट्यास येई. सन १९२९ मध्यें त्या निवृत्त झाल्या व लंडनला राहूं लागल्या. त्यांनीं बरेंच लेखन केलें. इंडिया कॉलिंग हें त्यांचें आत्मवृत्त सन १९३४ मध्यें प्रसिद्ध झालें. राजकीय मतांत त्या देशांतील बहुसंख्य सुशिक्षितांपासून दूर होत्या. महात्मा गांधींच्या चळवळीस त्यांचा विरोध होता, आणि मिस मेयो यांच्या मदर इंडिया या निंदाप्रचुर पुस्तकास त्यांनीं पाठिंबा दिला, त्यामुळें त्यांच्यावर देशांत मोठा रोष झाला. तो रोष अकारण होता असें आम्ही म्हणणार नाहीं. पण एखाद्याचें मत चुकलें म्हणून त्याचें सत्कार्य पुसून टाकावें, हें न्यायास धरून नाहीं. ता. ६ जुलै १९५४ रोजीं लंडन येथें त्यांचें देहावसान झालें. सन २०१२ मध्यें लिंकन्स इन येथें त्यांच्या अर्धपुतळ्याचें अनावरण झालें. सरकारी शिष्यवृत्ति नाकारल्या गेलेल्या या बाईंच्या नांवानेंच पुढें सॉमरव्हिलमध्यें कायदा शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांसाठीं शिष्यवृत्ति सुरू झाली.

आतां त्या मातोश्रींच्या प्रश्नाकडे वळूं. कायद्याच्या शिक्षणासाठीं एवढा खटाटोप कशाकरितां? मानासाठीं व पैशासाठीं असेल, तर पहिला नकार येतांच मन खचतें. कारण मान व पैसा यांस दुसरेही मार्ग असतात. पण ज्यास कायदा शिकून कोणाचें तरी दुःख हलकें करावयाचें आहे, त्यास दुसरा मार्ग नसतो, म्हणून तो पुन्हां अर्ज करितो. कॉर्नेलियाबाईंस शिष्यवृत्ति नाकारली गेली, पदवी नाकारली गेली, सनद नाकारली गेली. पण प्रत्येक नकारानंतर त्यांनीं केलें काय, तर पुढच्या परीक्षेचा अभ्यास. नियमांना दोष देऊन त्या थांबल्या नाहींत, आणि नियम योग्य आहेत असेंही त्यांनीं मानलें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, यंदा तुमच्यापैकीं कोणी कायद्याच्या विद्यालयाचा अर्ज भरील तेव्हां छापील रकाने सुवाच्य अक्षरांत भरावे, दाखले वेळेवर जोडावे, आणि मग क्षणभर लेखणी खालीं ठेवून तो न छापलेला रकानाही भरावा. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, यादींत मुलीचें नांव न दिसल्यास तिला बोल लावण्यापूर्वीं तिनें त्या रकान्यांत काय लिहिलें आहे तें एकदां विचारावें. उत्तर चांगलें असल्यास तिला पुढच्या वर्षीं पुन्हां बसूं द्यावें. नाशिकच्या कन्येनें तीस वर्षें वाट पाहिली. आपण एक वर्ष पाहण्यास हरकत नसावी.